नादार आणि दातार

४ फेब्रुवारी

आज वकीलबाईंकडे जाऊन आलो. त्या म्हणाल्या, रोज काय घडतं ते लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडतं. कोर्ट माझं अक्षर वाचणार नाही हे उघड आहे, पण माझी हरकत नाही. माणूस वर जात असतो तेव्हा त्याला लिहायला वेळ नसतो. बुडाला की वेळच वेळ.

तर मी बुडालो आहे. नळ, शॉवर, बेसिन, टब यांचं माझं दुकान वर्षानुवर्षं छान चाललं. मग मी दुसरं काढलं. मोठ्या रस्त्यावर, काचेमागे खराखुरा धबधबा सोडून. लोक धबधबा बघायला यायचे आणि बघून जायचे. दुसरं दुकान बुडालं आणि जाताना पहिल्याचा पाय धरून त्यालाही घेऊन गेलं. माझ्या मते कल्पना उत्तम होती, लोकच कमी पडले.

वकीलबाई म्हणाल्या, नादारीचा अर्ज करा. अर्ज मंजूर झाला की पैसे मागणाऱ्यांना तुम्हाला छळता येत नाही. कोर्टाचा माणूस तुमच्या नावावर जे असेल ते ताब्यात घेतो, विकतो आणि ज्याच्या वाट्याला जे येईल ते वाटतो. जगायला लागतं तेवढं तुमच्याकडे सोडतो. वर्षभर नीट वागलात, काही लपवलं नाहीत, की उरलेल्या कर्जातून सुटका. मी म्हणालो, म्हणजे आंघोळच की. कपडे काढायचे, बुडी मारायची, स्वच्छ होऊन बाहेर. त्या हसल्या नाहीत.

मग त्यांनी विचारलं, "कुठल्या कर्जाला कोणी जामीन आहे का?"

"दुसऱ्या दुकानाच्या आहे. बायकोचा भाऊ. घरचंच माणूस."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "त्यांना हे सांगितलंय?"

सांगतो म्हणालो. त्यानंतर त्या जामीनदारांविषयी बरंच बोलत होत्या, पण कोपऱ्यातल्या बेसिनचा नळ टपटपत होता आणि अशा वेळी माझं दुसरीकडे लक्ष लागत नाही. वॉशर गेलाय, म्हटलं. एवढ्या नावाजलेल्या वकील, आणि वॉशरची ही अवस्था.

७ फेब्रुवारी

बायकोच्या या भावाविषयी लिहायला हवं. तो कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात, हा आपल्या वर्कशॉपमध्ये मेण, प्लास्टर आणि गुलाबी हिरड्या घेऊन बसतो. दात करतो म्हणून मी त्याचं नाव दातार ठेवलं. जन्मात कोणाला दमडी दिली नाही, त्यामुळे ते त्याला जास्तच शोभतं. लग्न केलं नाही, माझ्या मते खर्चाला भिऊन. हा विनोद मी चारचौघांत करतो तेव्हा सगळे हसतात, फक्त ही हसत नाही. त्या घराण्यात विनोदबुद्धीच नाही.

कर्जाच्या वेळी बँकेने जामीन मागितला तेव्हा हिने त्याला गळ घातली. तो आला, मॅनेजरसमोर बसला आणि छापील कागद पहिल्या ओळीपासून वाचायला लागला. मॅनेजरची कॉफी निवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी मान वर करून म्हणाला, "म्हणजे यांनी नाही भरले तर मी भरायचे. बरोबर?" मॅनेजर म्हणाले, अहो, ती औपचारिकता असते. दातार म्हणाला, "नाही, नुसतं विचारलं." बहिणीकडे एकदा बघितलं आणि सही केली.

आज त्याला फोन करून अर्जाचं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बरं." धीराचे दोन शब्द नाहीत की विचारपूस नाही. माणूस शब्दांतही कंजूष.

१२ फेब्रुवारी

एक हुशारी केली. कार धाकट्या भावाच्या नावावर करून टाकली. कोर्टाच्या घशात घालण्यापेक्षा घरात राहिलेली बरी. वर्ष संपलं की परत घेईन. भाऊ मिठी मारून म्हणाला, दादा, तुझ्यासाठी एवढंही करणार नाही का मी? डोळ्यांत पाणी आलं. रक्ताचं नातं ते रक्ताचं.

हिला सांगितलं तेव्हा ही म्हणाली, "वकीलबाईंना विचारलंत?" प्रत्येक गोष्ट वकिलाला विचारून करायची तर वकिलानेच धंदा करावा.

५ मार्च

अर्ज मंजूर. फोन थांबले. दोन वर्षं खणखणणारा फोन टेबलावर मेल्यासारखा पडून आहे. घरात इतकी शांतता की फ्रिजची घरघर ऐकू येते.

खोटं कशाला लिहू, थोडं चुकल्यासारखं झालं. वसुलीवाल्यांत एक फार गोड बोलणारा होता. आधी तब्येत विचारायचा, मग झोप लागते का विचारायचा, आणि मग हळूच, साहेब, या महिन्यात काही जमेल का? आता माझ्या झोपेची चौकशी करणारं कोणी उरलं नाही.

१८ मार्च

कोर्टाने नेमलेला रिसीव्हर घरी आला. मला वाटलं होतं, मिशीवाला, दरडावणारा कोणी असेल. सर्दी झालेला, नाक पुसत फिरणारा बारीकसा माणूस निघाला. पलंग, गाद्या, शेगडी, भांडी, कपडे यांना त्याने हात लावला नाही. ही इस्पितळाच्या लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करते, तिचं सामान आणि तिचं स्वतःच्या पगाराचं खातं तिचंच राहिलं. मोठा टीव्ही, चामड्याचा सोफा आणि परदेशी टब यादीत गेले. टबाचे पाय सिंहाच्या पंजाचे आहेत हे मी त्याला मुद्दाम दाखवलं. तो म्हणाला, "उचलायला चार माणसं लागतील," आणि शिंकला.

मग म्हणाला, पोट भरायला लागणारी धंद्याची हत्यारं कायदा सोडतो. तुमची कुठली? सुताराची करवत सोडतात, शिंप्याचं मशीन सोडतात. मी इकडे तिकडे बघितलं. मी आयुष्यभर फक्त बोललो. तसं सांगितलं तर तो म्हणाला, ते राहील तुमच्याकडे.

कारचं मात्र वाईट झालं. अर्जाच्या आधी नातेवाइकाला फुकट दिलेली वस्तू कोर्ट परत ओढून घेऊ शकतं, म्हणे. वकीलबाई फोनवर माझ्यावर इतक्या चिडल्या की मी फोन कानापासून लांब धरला. रिसीव्हरला सगळं सांगून टाका, नाहीतर सुटकेच्या आशेवर पाणी सोडा. सांगितलं. भावाने कार परत केली, पण नवीन सीट कव्हर घातली होती त्याचे पैसे माझ्याकडे मागतोय. द्यायला मला बंदी आहे म्हटल्यावर त्याने बोलणं टाकलं. आणखी गंमत म्हणजे कार गेली तरी सिग्नल तोडल्याचा दंड माझ्याच डोक्यावर. दंड नादारीत धुऊन निघत नाही.

३० एप्रिल

घर बँकेकडे गहाण होतं. बँकेने ते विकून आपले पैसे घेतले. आज दोन खोल्यांच्या भाड्याच्या जागेत आलो. नळ तीन, तिन्ही गळतात.

सामान हलवायला दातार आला. मला वाटलं व्हॅन घेऊन येईल, पण व्हॅन विकून टाकली म्हणे. बसने आला. पेट्रोल वाचवायला व्हॅन विकणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. गुडघा दुखतो म्हणून जिन्यात लंगडत होता. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगून वर्ष झालं, तारीखसुद्धा ठरली होती. मी विचारलं, काय झालं ऑपरेशनचं? तर म्हणाला, "बघू पुढच्या वर्षी." कपाट धरलेली ही एकदम मागे वळली आणि कपाटाचा कोपरा भिंतीवर आदळला.

पैसा सोबत घेऊन जाणार आहे का हा? गुडघा मोडेल पण थैली सुटणार नाही.

२ जून

हिला नवीन खूळ लागलंय. पहाटे उठून लोकांच्या घरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करते आणि मग इस्पितळाची पाळी. मी म्हटलं, एवढी दगदग कशाला? आपल्यावर आता कर्ज आहे कुठे? ही म्हणाली, "सवय राहते." चाळीशीनंतर बायकांना हालचालीची गरज वाटते असं कुठेतरी वाचलं होतं.

मी नोकरी शोधतोय. कुठेही गेलो तर विचारतात, आधी काय करत होतात? मालक होतो म्हटलं की चहा देतात आणि कळवतो म्हणतात.

२१ ऑगस्ट

डोक्यात एक किडा शिरलाय. ही पहाटे राबते, पाळीही करते, मग पैसा जातो कुठे? घरात तर आमटीला पाणी वाढतंय. काल हिने खात्यातून पगार काढून आणला. आज ही घरी आली ती दातारच्या वर्कशॉपवरून. पिशवीत जेवणाचा डबा आणि चेहऱ्यावर दमणूक. पैशांचं पाकीट सकाळी जाताना मी पाहिलं होतं, परत येताना नव्हतं.

नवरा नादार झाला आणि बायको माहेर भरतेय. तेही कुणाचं? त्या दातारचं.

२३ ऑगस्ट

आज बोललो. शांतपणे सुरुवात केली होती, पण माझा आवाज मुळात दुकानदाराचा, लांबपर्यंत जातो. म्हटलं, मी कायद्याने स्वच्छ होत असताना माझ्या घरातला पैसा तुझ्या भावाच्या घशात का जातोय? त्याची भूक अजून भागली नाही का?

ही भाजी निवडत होती. निवडता निवडताच म्हणाली, "ते तुमच्या धबधब्याचं कर्ज आहे. बँकेने दादाला धरलंय, आता ते त्याच्या नावावर आहे. तो हप्ते भरतोय. मी जमेल तेवढं त्याला देते."

मी म्हटलं, अगं, ते कर्ज तर नादारीत गेलं.

"तुमचं गेलं. त्याने सही केली होती. त्याचं कसं जाईल?"

"मग मला सांगितलं का नाहीस?"

तिने आता वर बघितलं. "सांगून काय झालं असतं? तुम्ही धीर दिला असता."

भाजी निवडून झाली, ही आत गेली.

२४ ऑगस्ट

वकीलबाईंकडे गेलो. हे चूक आहे एवढं त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. त्या म्हणाल्या, नादारीत कर्जदार सुटतो, जामीनदार सुटत नाही. उलट कर्जदाराकडून काही मिळणार नाही हे बँकेला कळलं की ती जामीनदाराच्या दारात उभी राहते. जामीन त्यासाठीच तर असतो. "हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुम्ही वॉशरविषयी बोलत होतात."

विचारलं, मग आता मी कायद्याने त्याचं काही देणं लागतो का? त्या म्हणाल्या, तुमच्याकडून वसूल करायचा त्याचा हक्कसुद्धा तुमच्या नादारीत बुडाल्यासारखाच आहे. कायद्याने तुम्ही काही लागत नाही.

हे ऐकून हायसं वाटायला हवं होतं. बसस्टॉपवर उभा राहून हायसं वाटायची वाट बघितली.

२९ ऑगस्ट

आज दातारच्या वर्कशॉपवर गेलो. इतक्या वर्षांत आत कधी गेलो नव्हतो. दारातूनच हाका मारायचो. आत मेण वितळल्याचा वास, फळीवर ओळीने जबडे. दातार दिव्याखाली एका कवळीचे दात घासत होता, दुखरा पाय स्टुलावर लांब करून.

मी भाषण तयार केलं होतं. त्यात परिस्थिती, बाजारातली मंदी आणि माझा स्वाभिमान असे तीन भाग होते. पहिल्या भागातच तो म्हणाला, "भावोजी, जरा ती खिडकी लावा. धूळ बसते ओल्या प्लास्टरवर."

खिडकी लावली. मग भाषण सापडेना.

म्हटलं, "दादा, व्हॅन त्यासाठी विकलीत?"

"हो."

"आणि गुडघा?"

"गुडघा विकत नाही कोणी घेत," तो म्हणाला. माझ्या लक्षात यायला वेळ लागला की हा विनोद होता. त्या घराण्यात आहे, म्हणजे.

म्हटलं, तुम्ही सही करताना पूर्ण वाचलं होतंत, तुम्हाला माहीत होतं. मग केलीत कशाला? तो दात उजेडात धरून बघत म्हणाला, "मी वाचलं म्हणून तर तिच्याकडे बघितलं. ती हो म्हणाली. तिला तुमच्यावर भरवसा होता." मग कवळी खाली ठेवली. "मला नव्हता. पण मला कोणी विचारलं नव्हतं."

हे त्याने रागावून म्हटलं असतं तर मी भांडलो असतो.

३ सप्टेंबर

कालपासून मी वर्कशॉपवर जातो. नोकरी वगैरे नाही. घरात बसून कंटाळा येतो एवढंच. कवळ्या डॉक्टरांना पोचवायला माणूस हवा होता. दातारला जिने चढवत नाहीत.

११ ऑक्टोबर

आज एक शोध लागला. दातारचे पैसे निम्म्या डॉक्टरांकडे अडकलेत आणि याला मागता येत नाही. फोन करतो, "बरं" म्हणतो आणि ठेवतो. मी म्हटलं, हे खातं माझ्याकडे द्या.

पैसे बुडवणारा कसा बोलतो हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? साहेब बाहेर गेलेत म्हटलं की मी जिन्यातच बसतो, कारण मीही बाहेर गेलेला असताना मागच्या खोलीत असायचो. चेक सही करायचा राहिलाय म्हटलं की मी पेन पुढे करतो. आज एका बड्या दातांच्या डॉक्टरला गाठलं. आधी तब्येत विचारली. मग झोप लागते का विचारलं. मग हळूच म्हटलं, साहेब, या महिन्यात काही जमेल का? त्यांचा चेहरा पडला. तो पडलेला चेहरा मला आतून ओळखीचा होता. पैसे देऊन टाकले त्यांनी.

ते दातारच्या हातात ठेवले तेव्हा तो म्हणाला, "हे तर मी सोडून दिले होते." मी म्हटलं, सोडायची सवय वाईट, माणूस भिकेला लागतो. हिने हे ऐकलं. डबा घेऊन आली होती. ही हसली. माझ्या बोलण्यावर ही कधी हसली होती, आठवत नाही.

माझा पगार ठरवू म्हणाला. मी म्हटलं, ठरवा, पण माझ्या हातात नको, हप्त्यात जमा करा. घरखर्चाला लागेल तेवढं हिच्याकडे द्या. हे मोठेपणाने नाही केलं. हातात पैसे आले की माझं डोकं चालायला लागतं, आणि ते सगळ्यांना महागात पडतं. मिळकत रिसीव्हरला कळवली. त्याने नोंद घेतली. घर चालवण्यापुरतीच दिसते, राहू दे, म्हणाला. अजून शिंकत होता.

१० मार्च

सुटलो. कोर्टाने मला कर्जमुक्त केलं. न्यायाधीशांनी माझ्याकडे वर बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं होतं, निदान पुन्हा असं करू नका असं म्हणतील. पुढचं नाव पुकारलं गेलं आणि मी खुर्ची रिकामी केली.

संध्याकाळी जुन्या ओळखीच्या टाइलवाल्याचा फोन. म्हणाला, आता पाटी कोरी झाली, भागीदारीत दुकान काढू. जागा झकास आहे, काच मोठी आहे. काच म्हटल्यावर मला तिच्यामागे धबधबा दिसायला लागला, ते मी कबूल करतो. मग म्हणाला, कर्जाला फक्त एक जामीन लागेल, घरचंच कोणी बघ.

मी म्हटलं, घरचं माणूस सध्या गुडघ्याच्या ऑपरेशनला चाललंय.

१७ एप्रिल

ऑपरेशन नीट झालं. दातांच्या डॉक्टरांकडून वसूल झालेल्या पैशांत ते बसलं. दातार पलंगावर पडल्या पडल्या मला सूचना देतो, कुठल्या फळीवर कुठलं प्लास्टर. काही झालं तरी "बरं" म्हणणारा हा माणूस भूल उतरताना तासभर बोलत होता, असं ही सांगते. काय बोलत होता ते मात्र सांगत नाही.

या महिन्याचा हप्ता भरायला आज मी गेलो. तीच बँक. मॅनेजर बदललाय, कॉफी कोणी विचारली नाही. लाइनीत उभा राहिलो. काउंटरवर एक तरुण मुलगी होती. दातारचा खाते क्रमांक सांगितला, पैसे दिले. ती स्लिप भरत होती.

"कर्जदाराशी नातं?"

मी म्हटलं, "मेहुणा." आमच्या भाषेची ही सोय आहे. बायकोचा भाऊही मेहुणा, बहिणीचा नवराही मेहुणा. कोण कोणाचं देणं लागतो ते त्यातून कळत नाही.

तिने लिहिलं आणि माझ्याकडे कौतुकाने बघितलं. "मेहुण्याचं कर्ज भरताय? हल्ली कोण करतं हो एवढं?"

स्तुती मला नेहमीच आवडते, आणि गेल्या दोन वर्षांत ती फारशी वाट्याला आली नव्हती. ती ठेवून घ्यायला काहीच हरकत नव्हती. कोणाचं नुकसानही नव्हतं. पण तोंडून गेलं, "कर्ज माझंच आहे."

तिने पुन्हा स्क्रीनकडे बघितलं. माझं नाव विचारलं, टाइप केलं, वाट बघितली. मग स्क्रीन माझ्याकडे वळवून समजुतीच्या आवाजात म्हणाली, "नाही काका. तुमच्या नावावर काहीच नाही."

"मला माहीत आहे. तरी माझंच आहे."

माझ्या मागे लाइन वाढली होती. मागचा गृहस्थ वाकून म्हणाला, "अहो, त्या नाही म्हणतायत ना, मग सरका की."

तिने स्लिपवर शिक्का मारला. मी ती घेतली आणि सरकलो.